कोर्स १.८ लाखाचा, राजीनामा साडेचार लाखांचा

प्रश्न : मी ३२ वर्षांची आहे, बीकॉम. नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या कंपनीत सीनिअर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह आहे. हातात ३८,००० येतात, बेसिक २४,०००. एसक्यूएल (डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा) येत नाही म्हणून दोन मुलाखतींत अडकले. म्हणून मेअखेर राजीनामा देऊन (तेव्हा नोकरीला चार वर्षं सात महिने होतील) सहा महिन्यांचा पूर्णवेळ डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स करायचं ठरवलं आहे. फी १,८०,०००. ती ७,५०० च्या २४ नो कॉस्ट ईएमआयमध्ये भरता येते, एकरकमी भरली तर १,५५,०००. कोर्सनंतर बारा लाखांचं पॅकेज मिळेल असं तिथले काउन्सेलर म्हणतात. मिस्टरांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यातून साधारण २०,००० येतात. गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च ४५,०००. पीएफमध्ये सव्वादोन लाख, एफडी १,१०,०००. सासूबाईंना मधुमेह आहे, पण कंपनीच्या मेडिक्लेममध्ये त्या आहेत. बँकेतून घेतलेल्या एका पॉलिसीचे ५०,००० चे दोन वार्षिक हप्ते भरलेत (दर ऑगस्टात), एकूण दहा भरायचे आहेत, विसाव्या वर्षी ११ लाख मिळतील. ईएमआय घ्यावा की पीएफ काढून एकरकमी फी भरावी?

उत्तर : ताई, दोन्ही नको. पण तुमच्या प्रश्नापेक्षा मला कंसातल्या ओळीची जास्त काळजी वाटते. चार वर्षं सात महिने.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम, मिळायला पाच वर्षं लागतात. तुमची पाच वर्षं ऑक्टोबरअखेर भरतात आणि तुम्ही मेअखेर उठून जाताय. हिशेब सोपा आहे : बेसिक २४,०००, त्याचे पंधरा भागिले सव्वीस, गुणिले पाच. साधारण ६९,००० रुपये. पाच महिने आधी गेलात तर शून्य. ‘चार वर्षं २४० दिवस पुरतात’ असं ऑफिसात कुणीतरी सांगेलच. मद्रास उच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे, पण पाचव्या वर्षातले तुमचे दिवस सव्वादोनशेसुद्धा होत नाहीत. त्यामुळे तो वाद तुमच्यासाठी नाहीच.

आता पगार. सहा महिने कोर्स आणि त्यानंतर नोकरी शोधायला चार महिने धरा. चार मी हात राखून धरले आहेत. दहा महिन्यांचे ३,८०,००० गेले. त्यात ग्रॅच्युइटी मिळवा : साडेचार लाख. म्हणजे फी ही या व्यवहारातली छोटी रक्कम आहे, आणि तुम्ही मला फक्त तिच्याबद्दल विचारलंत.

ईएमआय घेतला तर जूनपासून घरात काय होईल ते बघा. खर्च ४५,०००, वर ७,५०० चा हप्ता, त्यातून दुकानाचे २०,००० वजा. महिन्याला साडेबत्तीस हजारांची तूट. जून आणि जुलैत ६५,००० एफडीतून जातील, ४५,००० उरतील. ऑगस्टात पॉलिसीचा हप्ता येतो तो ५०,००० चा. कोर्स निम्मासुद्धा झालेला नसेल आणि एफडी आटोपलेली असेल. दुकान ऐन पावसाळ्यात २०,००० देईल हे आपण गृहीतच धरलंय.

मेडिक्लेमचं वाक्य तुम्ही ‘पण’ लावून लिहिलंय, जणू तो प्रश्न सुटलेला आहे. कंपनीचं कव्हर नोकरीबरोबर संपतं. पहिल्यांदाच वैयक्तिक पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ लागू शकतो, आणि अपघात सोडला तर पहिले तीस दिवस कुणालाच काही मिळत नाही. त्यामुळे राजीनाम्याचा विचार कितीही पुढचा असला तरी आत्ताच दोन कामं करा. तुम्ही, मिस्टर आणि मूल असेल तर तेही, यांच्यासाठी पाच लाखांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक आरोग्य पॉलिसी) घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढं एक कारण कमी झालं. दुसरं, सासूबाईंना ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत नेता येतं का, हे एचआरला ईमेल करून विचारा. उत्तरही ईमेलवरच मागा. तोंडी ‘होतं हो मॅडम’ चालणार नाही.

पीएफ. सव्वादोन लाख ही रक्कम तुम्हाला फीएवढी दिसते, म्हणून ती फीसाठीच आहे असं वाटायला लागलंय. २०२४-२५ चा पीएफचा दर सव्वाआठ टक्के आहे. या दराने पैसे पावणेनऊ वर्षांत दुप्पट होतात. तुम्ही ५८ च्या होईपर्यंत २६ वर्षं आहेत, म्हणजे तीनदा दुप्पट : १८ लाख. दर कायम राहणार नाही म्हणता? सात टक्के धरा, तरी १३ लाख. शिवाय पाच वर्षांच्या आत काढलेला पीएफ करपात्र ठरतो आणि ५०,००० च्या वर टीडीएस कापतात. तुमच्या उत्पन्नात तो रिटर्न भरून परत मिळेलही, पण राजीनाम्यानंतर पूर्ण रक्कम लगेच हातात येत नाही आणि संस्थेला फी आधी हवी असते. नवी नोकरी लागली की यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) तोच ठेवून पीएफ ट्रान्सफर करायचा, एवढंच त्याचं काम.

आता तो ‘नो कॉस्ट’ ईएमआय. एकरकमी १,५५,०००, हप्त्यांनी १,८०,०००. मग हे २५,००० कसले? ते व्याजच, दर वर्षाला साधारण पंधरा टक्के. तुम्ही अकाउंट्सच्या आहात, पुरवठादाराने असं कोटेशन पाठवलं असतं तर तुम्ही त्याला फोन करून झापलं असतं. अशा व्यवस्थेत बहुतेक वेळा कर्ज देणारी फायनान्स कंपनी वेगळी असते. ती फी संस्थेला देऊन टाकते आणि कर्ज तुमच्या नावावर राहतं. कोर्स मध्येच सोडला तरी हप्ते थांबत नाहीत. बारा लाखांचं पॅकेज करारात कुठे लिहिलंय ते शोधा. सापडलाच तर ‘जॉब असिस्टन्स’ हा शब्द सापडेल. त्याचा अर्थ, तुमचा बायोडेटा आम्ही पुढे पाठवू.

एवढं सगळं कशासाठी, तर एसक्यूएलसाठी. ही भाषा आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडली. ती प्रोग्रामर नसलेल्यांनाही वापरता यावी, हा हेतू त्यांनी तेव्हाच लिहून ठेवला, आणि अशा माणसांच्या उदाहरणांत अकाउंटंट आहे. पन्नास वर्षांनी त्याच अकाउंटंटला नोकरी सोडून ती शिकायला सांगतात, याची मला गंमत वाटते.

तुम्हाला मुलाखतीत लागणारं एसक्यूएल फार नाही. सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉईन. ग्रुप बाय म्हणजे तुमचं एक्सेलमधलं पिव्होट टेबल. जॉईन म्हणजे व्हीलुकअपची थोरली बहीण. दर महिन्याला तुम्ही टूबी मॅचिंग करता ना, म्हणजे आपली खरेदीची बिलं पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांशी जुळवणं? डावीकडे खरेदी रजिस्टर, उजवीकडे पोर्टलवरून उतरवलेलं जीएसटीआर-टूबी. जीएसटीआयएन (पुरवठादाराचा जीएसटी नंबर) आणि बिल नंबरवर लेफ्ट जॉईन लावायचा. उजवी बाजू जिथे रिकामी राहिली, ती बिलं टूबीत आलेली नाहीत, त्यांचं आयटीसी (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकणार. पुरवठादाराने बिल नंबरात तिरकी रेघ टाकलीय आणि आपण आडवी, म्हणून जुळत नाही, हा रोजचा वैताग तर कोणत्याही वर्गात शिकवत नाहीत. तो तुम्हाला आधीच माहीत आहे, आणि पगार त्याच माहितीला मिळतो. नुसतं एसक्यूएल येणारी ताजी पोरं रांगेत उभी आहेत. एसक्यूएल येणारी आणि टूबी कळणारी बाई मुलाखतीत वेगळी दिसते. एक्सेलचं शीट १०,४८,५७६ ओळींवर थांबतं आणि त्याच्या कितीतरी आधी हँग होतं. तिथे पुढचं काम करून दाखवणारा माणूस ऑफिसला हवाच असतो.

सरावाला लागणारी डेटाबेसची सॉफ्टवेअर, म्हणजे एसक्यूलाइट, पोस्टग्रेस, मायएसक्यूएलची कम्युनिटी आवृत्ती, सगळं फुकट. एसक्यूलाइटला तर जुना लॅपटॉपही पुरतो. स्वयम-एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर डेटाबेसचे कोर्स फुकट बघता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. रोज एक तास दिलात तर दोन-तीन महिन्यांत या चार गोष्टींवर हात बसतो. एखादं पुस्तक, थोडी शिकवणी धरून सगळ्याला १०,००० ची मर्यादा घाला. सरावाला खोटी बिलं तयार करा, कंपनीचा डेटा घरी नेऊ नका. थोडा आत्मविश्वास आला की आयटीवाल्यांकडे फक्त वाचण्यापुरता ॲक्सेस मागा आणि एखादा महिनाअखेरचा रिपोर्ट क्वेरीने काढून साहेबांना दाखवा. बायोडेटात लिहायला तेच कामी येईल.

म्हणजे मेमध्ये राजीनामा नाही. ऑक्टोबरअखेरपर्यंत शिकणं आणि नोकरी दोन्ही. नोव्हेंबरपासून मुलाखती, आणि राजीनामा फक्त ऑफर लेटर हातात आल्यावर. सध्याच्या ३८,००० चे ५०,००० झाले तरी वर्षाला जवळपास दीड लाखांची वाढ, तीही फी न भरता. बारा लाख होतील का? लगेच नाही.

त्या पॉलिसीवर वेगळं पत्र लिहावं लागेल, पण थोडक्यात सांगतो. दहा वर्षं ५०,००० भरून विसाव्या वर्षी ११ लाख, हा परतावा पाच टक्क्यांच्या आसपास आहे. बँकेत बसून विकली म्हणून ती एफडी होत नाही. एवढ्या हप्त्यात तुमच्या जिवावरचं कव्हर किती, तेही तुम्ही लिहिलेलं नाही, आणि घर तर तुमच्या पगारावर चालतं. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा : आज सरेंडर केली, म्हणजे मध्येच बंद केली, तर किती मिळतील, आणि तिसरा हप्ता न भरता पेड-अप (पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू) होते का, होत असेल तर किती. ऑगस्टातल्या हप्त्याच्या तारखेआधी हे पत्र हातात आलं की मला पुन्हा लिहा. तोपर्यंत नवा हप्ता भरू नका.