मार्केटिंगचा पहिला पेपर घ्यावा का, की त्यात नुसतं पाठांतर असतं?

तुम्ही विचारलंय की बी.कॉम.ला मार्केटिंगचा प्राथमिक विषय घेण्यात अर्थ आहे का, की व्याख्या घोकून मोकळं व्हायचं असतं. मी मागच्या वर्षी घेतला होता. शिकतो सिंधुदुर्गात, घर देवगड तालुक्यात, घरची हापूसची थोडी कलमं आहेत. आधी वाईट बातमी सांगतो : व्याख्या असतात, भरपूर असतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्या घोकाव्याच लागतात.

पहिले दोन आठवडे तर मला विषय पोरकट वाटला. प्रॉडक्ट (माल), प्राइस (किंमत), प्लेस (विक्रीची जागा), प्रमोशन (जाहिरात) हे मार्केटिंगचे चार पी. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली ते मांडले. १९८१ मध्ये बूम्स आणि बिटनर यांनी सेवांसाठी आणखी तीन जोडले. म्हटलं, यात शिकायचं काय? मग सरांनी एक दिवस विचारलं, "तुमच्या घरच्या मालाची किंमत कोण ठरवतं?" मी छाती काढून सांगितलं, "पप्पा." रात्री फोनवर पप्पांना हे सांगितलं तर ते हसायलाच लागले. "भाव आमच्या हातात खय आसा? पेटी वाशीक गेली की पट्टी येता, ती बघूची."

वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाकडून येणाऱ्या त्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, मी लहानपणापासून बघत आलोय. वर भाव, खाली हमाली आणि गाडीभाडं वजा. कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचो. प्राइस, प्लेस आणि प्रमोशन हे तीनही पी आमच्या घराबाहेर आहेत आणि आमच्या हातात फक्त आंबा आहे, हे मला त्या वर्गात बसल्यावर कळलं. २०१८ मध्ये कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच आंब्याला लावायचं; त्याचा उपयोग काय हेही तेव्हाच नीट उमगलं. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने खपवला जातो, म्हणजे नावाला किंमत आहे. फक्त ती वसूल दुसराच करतो.

खरी मजा प्रोजेक्टमध्ये आली. कॉलेजात एक दिवस स्टॉल लावून काहीतरी विकायचं होतं. आमच्या गटाने कोकमाचं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) ठरवलं, कारण ते माझ्या आजीकडे तयार होतं. चोवीस बाटल्या भरल्या, लेबलं चिकटवली, खर्चावर थोडा नफा धरून किंमत लावली. पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर. संध्याकाळपर्यंत खपल्या पाच. उरलेल्या बाटल्या घेऊन घरी गेलो तर आजी म्हणाली, "हयसर आगळ कोण इकत घेतलो? घराघरात बरणी आसा."

आजीने एका वाक्यात सांगितलं ते पुस्तकात 'बाजारपेठ विभाजन' (गिऱ्हाइकांचे गट पाडून कोणाला काय हवंय ते बघणं) या नावाने अख्ख्या प्रकरणात आहे. पण अहवाल लिहायला बसलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्या पाचांपैकी तीन बाटल्या घाटावरून बदलून आलेल्या सरांनी घेतल्या होत्या, आणि तिघांनीही एकच विचारलं होतं : "याची सोलकढी करायची कशी?" आम्ही तर लेबलवर नाव आणि किंमत यापलीकडे काही लिहिलंच नव्हतं. इथल्या माणसाला सोलकढी कशी करायची हे कोण सांगत बसणार? आणि ज्याला सांगायची गरज होती, तोच आमचा गिऱ्हाईक होता.

पुढच्या रविवारी उरलेलं आगळ लहान बाटल्यांत भरलं. लेबलवर नारळाच्या दुधात किती चमचे घालायचं ते लिहिलं, मीठ आधीच आहे हेही ठळक लिहिलं (एका सरांनी वरून मीठ घातलं होतं, बिचारे). मग मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या सुटतात तिथे, ओळखीच्या एका खानावळीबाहेर टेबल मांडून बसलो. आत सोलकढी पिऊन बाहेर पडणारा माणूस बाटली उचलायचाच. दुपारच्या जेवणाची वेळ संपायच्या आत सगळं संपलं. आगळ तेच होतं. बदलली होती जागा, बाटली आणि चार ओळी.

परीक्षेत मात्र यातलं काहीच विचारलं नाही. विभाजनाचे आधार लिहा, पाच गुण. भौगोलिक, लोकसंख्येवर आधारित, मानसशास्त्रीय, वर्तनाधारित. लिहिले, मिळाले.

म्हणून विषय घ्याच, पण आधी सीनियरना विचारून घ्या की प्रोजेक्ट खरोखर करून घेतात की फाइल उतरवून चालते. फाइलवर भागत असेल तर दुसरा कुठलाही विषय घेतलात तरी फरक पडणार नाही. गणिताची भीती असेल तर टक्केवारी आली की पुरतं. पुस्तक इंग्रजीत असलं तरी घाबरू नका, फक्त प्रत्येक शब्द शिकलात की तो घरच्या एखाद्या मालाला लावून बघा. आंबा, मासळी, काजूगर, काहीही चालेल.

पप्पांनी या मोसमात थोड्या पेट्या वाशीला न पाठवता कोल्हापूरच्या ओळखीच्या घरांत थेट दिल्या. भाव ठरवताना दोन दिवस लावले. सवय नव्हती ना.