भुलीच्या वेळी काहीतरी बिघडलं असं वाटत असेल तर आधी कागद, मग बाकी सगळं

भाऊ, तुम्ही लिहिलंय ते नीट वाचलं. धाकट्या भावाचं दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, ऑपरेशन झालं पण तो शुद्धीवरच आला नाही, व्हेंटिलेटरवर दुसऱ्या हॉस्पिटलात हलवला, आता घरी आहे पण सकाळचं दुपारी आठवत नाही अन् हात थरथरतात. हॉस्पिटलवाले म्हणून राहिले की त्याच्या बॉडीनंच औषधाला रिॲक्शन दिली, नातेवाईक म्हणतात भुलीचा डोस जास्त झाला, एफआयआर करा. मी नागपुरातच भूलतज्ज्ञ आहे, बरीच वर्षं झाली, अन् अशा केसेसचे कागद तपासून मतही दिलेलं आहे, कधी पेशंटकडून कधी डॉक्टरकडून. म्हणून जरा लांब लिहितो.

पहिलं म्हणजे ते "डोस जास्त झाला" तक्रारीत टाकूच नका. डोस जरा जास्त झाला तर पेशंट उशिरा उठतो, बीपी पडतं, पण श्वास मशीनवर नीट चालू आहे अन् बीपी सांभाळलंय तर तेवढ्यानं मेंदूला इजा होत नाही. इजा होते ती ऑक्सिजन किंवा रक्तपुरवठा थांबल्यानं, अन् त्यात चार-पाच मिनिटंही खूप झाली. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली अन् वेळेत कळलं नाही, मशीनचं कनेक्शन सुटलं, पोटातलं फुप्फुसात गेलं, किंवा नळी काढल्यावर स्नायू सैल करायच्या औषधाचा असर पुरता उतरला नव्हता, श्वास उथळ चालला होता अन् रिकव्हरीत बाजूला कोणी बघणारंच नव्हतं. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त छळतं, कारण टाके पडले की सगळे सैल होतात, अन् धंतोली-रामदासपेठेत दिवसाला दोन-तीन हॉस्पिटलं करणारे आमच्यात आहेत, एकाला पुढच्या केसचा फोन आलेलाच असतो.

हॉस्पिटल म्हणतं तेही खरं असू शकतं बरं का. स्नायू सैल करायच्या औषधाची जबर ॲलर्जी येऊ शकते, दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरला की कधी नाडी एकदम मंदावते, यात कोणाची चूक असतेच असं नाही. पण मग कितव्या मिनिटाला ओळखलं, ॲलर्जीवरचं ॲड्रेनलिन किंवा नाडी वाढवायचं ॲट्रोपिन कधी दिलं, पोटातला गॅस बाहेर कधी सोडला, हे लिहिलेलं असायला पाहिजे. कॉम्प्लिकेशन होणं म्हणजे निष्काळजीपणा नाही, ते वेळेत न ओळखणं किंवा ओळखून हातावर हात ठेवणं हा निष्काळजीपणा.

म्हणून उद्याच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. नुसती डिस्चार्ज समरी घेऊन येऊ नका, तिच्यात काही नसतं. ऑपरेशनआधीच्या भुलीच्या तपासणीचा कागद, भुलीची वेगळी संमती, ॲनेस्थेशिया चार्ट (भूल चालू असतानाच्या नोंदी), ऑपरेशन थिएटरच्या (ओटी) नोट्स, रिकव्हरीतल्या सिस्टरच्या नोंदी, सगळं नावानिशी मागा. चार्टवर दर पाच मिनिटांनी नाडी-बीपी, शिवाय सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) अन् श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड असायला पाहिजे. मी एक चार्ट बघितला होता, सॅच्युरेशन ओळीनं ९९, ९९, ९९, एकाच पेनानं, एकाच दमात लिहिलेलं, अन् पुढच्या ओळीत थेट "कार्डियाक अरेस्ट". मधे काहीच नाही. असा चार्ट डॉक्टरला वाचवत नाही, उलट बुडवतो.

अन् दोन कागद लोक हमखास विसरतात. एक, दुसऱ्या हॉस्पिटलच्या आयसीयूची ॲडमिशन नोट. पेशंट घेताना तिथला डॉक्टर फोनवर विचारून लिहून ठेवतो की छाती किती वेळ दाबली, किती वाजता, अन् तेव्हा कोणाला काही लपवायचं सुचलेलं नसतं. तिथला पहिला एबीजी (रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडची तपासणी) अन् एमआरआय पण घ्या. दुसरं, औषधांच्या दुकानाचं त्या दिवसाचं बिल, कोणतं इंजेक्शन किती लागलं ते त्यात दिसतं.

पोलिसांचं सांगतो. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी चालवायला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, अन् आधी शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यावं लागतं. बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) कलम १०६ निष्काळजीपणानं झालेल्या मृत्यूसाठी आहे, तुमचा भाऊ जिवंत आहे. त्याच्या औषधपाण्याला पैसा लागणार आहे, तो फौजदारीतून येत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण तिथे रजिस्ट्रेशनवर कारवाई होते, भरपाई नाही.

भरपाईसाठी सिव्हिल लाइन्सचं जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, ती निसटू देऊ नका. कोणत्या आयोगात जायचं हे तुम्ही मागता त्या रकमेवर नाही, हॉस्पिटलला भरलेल्या पैशावर ठरतं, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, अन् भरलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर तक्रारीची फी नाही. त्यामुळे "एक कोटीचा दावा लावतो, टक्केवारी द्या" म्हणणारा जो माणूस तुम्हाला भेटला त्याला दारातूनच नमस्कार करा.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक केसमध्ये सक्तीचं नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये म्हटलंय, पण भुलीच्या केसमध्ये त्याशिवाय जाऊ नका अन् तज्ज्ञ शक्यतो नागपूरबाहेरचा घ्या, इथे आम्ही सगळे एकमेकांना ओळखतो. १९६८ चा जोशी विरुद्ध गोडबोले निकाल वकिलाला नक्की दाखवा, मांडीचं हाड पुरेशी भूल न देता जोर लावून ओढलं अन् मुलगा गेला, पुण्याच्या सर्जनची केस. केस घ्यायची का, कोणता उपचार करायचा, अन् तो कसा करायचा, या तिन्हीत डॉक्टरनं काळजी घेतली पाहिजे असं त्यात आहे. तुमच्या तक्रारीत यातलं नेमकं काय चुकलं, कोणत्या मिनिटाला, ते यायला पाहिजे.

भावाच्या फिजिओथेरपीची, न्यूरोची बिलं, पगाराच्या स्लिपा, घरी कोणी नोकरी सोडून बसलं असेल तर त्याचा कागद, सगळं एका फायलीत लावत जा, भरपाईचा आकडा त्यावरूनच निघतो. चार्ट हातात आला की नावं झाकून इथे टाका, वहिनींना म्हणावं मी ओळ न् ओळ वाचून सांगतो.