रोजच्या साध्यासुध्या गोष्टींत देव आहे असं तुम्हाला कधी जाणवलंय का? ते कसं ओळखायचं?

कसं ओळखायचं ते मला विचारू नका. सकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसा म्हणणारे पुष्कळ आहेत. मला त्यातलं काही साधलं नाही. ठरवून बघायला गेलं की देव दिसत नाही, हे माझं स्पष्ट मत. एकदा जाणवला, तेवढं सांगतो.

आम्ही दापोली तालुक्यातले, अगदी समुद्राकाठचे. ३ जून २०२०. निसर्ग वादळ तिकडे अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, पण आमच्या पडवीवर एक कौल राहिलं नाही. पोफळींचं तर बोलायलाच नको. पोफळ लावली की सहा-सात वर्षं सुपारीची वाट बघायची, आणि मोडायला एक दुपार पुरते. पाखाडीवर, म्हणजे घराकडे चढणाऱ्या वाटेवर, खोडं एकावर एक आडवी पडलेली. वीज नाही, फोन नाही, त्यात कोरोना. आई रात्रभर देवघरात बसून होती. भक्ती वगैरे नाही, घरात तेवढाच कोपरा गळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना खालून कोयत्याचा आवाज यायला लागला. पोफळीचं खोड वरून लोखंड, आत नुसता भुसा. पहिले दोन घाव उसळतात, तिसरा एकदम आत जातो. टण्, टण्, खच्च. मग खोड ओढल्याची खरखर. तासभर तो आवाज हळूहळू वर येत होता आणि मी पडवीत, डोक्यावर आभाळ, नुसता ऐकत बसलो होतो.

आला तो शेजारी. गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून, आमचा बारा वर्षांचा वाद, अडीच फुटांसाठी. बोलणं बंद, एकमेकांच्या घरच्या कार्याला जाणं बंद. तोंडाला पंचा बांधलेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकी बऱ्या आहेत ना?" आईने कोरा चहा दिला, दूध कुठलं मिळायला! उभ्याउभ्याच प्यायला, कप विसळून वादातल्या त्याच गडग्यावर उपडा घातला आणि गेला.

कड्यावरच्या गणपतीला लहानपणापासून जातोय. तिथे हात जोडून जे कधी वाटलं नाही, ते त्या टण्-टण्-खच्चमध्ये वाटलं. आता वादळ कोणी पाठवलं म्हणाल, तर माहीत नाही.

हेही सांगायला हवं की दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता आणि पोटात फक्त पेज होती. अशा वेळी माणसाला काहीही वाटतं. आणि शेजारी काही देवमाणूस नाही. मोजणीचा अर्ज त्याने मागे घेतलेला नाही. मीही नाही.

आमचा दादा मुंबईला असतो. शिमग्याला येतो, पालखी खांद्यावर घेतो, डोळे भरून येतात त्याचे. पण हे सांगितलं की म्हणतो, "याला माणुसकी म्हण. देवाला कशाला मध्ये ओढतोस? आणि पाखाडी त्याचीही होती, स्वतःसाठीच तोडली त्याने." दरवर्षी हेच, भर पंगतीत.

दादा, तू हे वाचशीलच. त्याच्या घराचं वळण आपल्या खूप खाली लागतं. ते संपल्यावर वर आपल्या दारापर्यंत तोडलेली खोडं मी त्याच दिवशी मोजली होती. चौदा.