पदवी हातात आणि खांद्यावर कपाट

"बी.कॉम. झालेला पोरगा लोकांची कपाटं उचलत फिरतोय. मॅडम, त्याला जरा समजावा." सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एका आईने माझ्यासमोर मांडलेली ही काळजी. असे पालक माझ्याकडे सल्ल्यासाठी नेहमी येतात. ओळख पटू नये म्हणून इथे थोडे तपशील बदलले आहेत.

मी मुलालाच भेटायला बोलावलं. घरसामान हलवणाऱ्या एका टेम्पोमालकाकडे तो नुकताच लागला होता. मे महिना, सोलापूरचं ऊन चाळिसाच्या पुढे, आणि शाळा संपल्यामुळे घरं बदलणाऱ्यांची गर्दी. अंग इतकं दुखत होतं की रात्री कूस बदलता येत नव्हती. "मला हे जमणारच नाही बहुतेक," तो म्हणाला. पुढे बऱ्याच वेळाने, खाली बघत, म्हणाला, "परवा जुळे सोलापुरात सामान उतरवताना कॉलेजचा मित्र दिसला. मी टेम्पोमागं लपलो."

दुखणं दोन ठिकाणी होतं. ती दोन्ही एकत्र झाली की माणूस काम सोडतो आणि आपण नालायक आहोत असं धरून बसतो. म्हणून मी आधी अंगाचं बोलले. सवय नसलेल्या स्नायूंचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि मग उतरतं. कमरेतून पायात कळ जात असेल, पाय बधिर होत असेल, तर मात्र अंगावर काढायचं नाही, डॉक्टर गाठायचा. तसं काही नव्हतं.

मग विचारलं, तुला उचलायला कुणी शिकवलं? कुणीच नाही. पहिल्याच दिवशी त्याला दुसऱ्या मजल्यावर चढणाऱ्या फ्रिजच्या खालच्या बाजूला उभं केलं होतं. जिन्यात खालच्या माणसावर जास्त भार येतो. तिथे जुना, सरावलेला गडी हवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 सालीच सांगून ठेवलंय की एका पुरुषाने हाताने वाहायचं ओझं 55 किलोच्या वर नसावं. लोखंडी कपाट रिकामं असलं तरी त्याहून जड भरू शकतं. ते एकट्याने पाठीवर घेणं म्हणजे मर्दुमकी नव्हे, आणि हे मी तळमळीने सांगते, कारण चाळिशीत कंबर गेलेले हमाल मी पाहिलेत.

त्याला म्हटलं, गाडीवरच्या सगळ्यात वयस्क माणसाला धर आणि विचार. त्या काकांनी मनापासून शिकवलं. गुडघ्यात वाकायचं, ओझं छातीशी घ्यायचं, वळायचं तर कमरेतून नाही, पावलं टाकून. कपाट आधी रिकामं करून दारं बांधायची. पलंग खोलला की त्याचे स्क्रू पिशवीत घालून त्याच पलंगाला चिकटवायचे. फ्रिज शक्यतो उभाच न्यायचा; आडवा न्यावाच लागला तर उभा केल्यावर काही तास चालू करायचा नाही. आणि उचलण्याआधी पुढे जाऊन जिन्याचं वळण, दाराची रुंदी बघून यायचं. हे शेवटचं तो आवडीने करू लागला. वस्तूंची यादी, मोजमाप, गाडीत काय आधी भरायचं, यात त्याचं डोकं चालत होतं.

मालकाशी बोलायच्या गोष्टी आम्ही कागदावर लिहिल्या: रोज किती, मजल्याचे वेगळे किती, जेवणाची सोय कुणाची, वस्तू फुटली तर भरपाई कुणाच्या पगारातून. नवीन मुलं हे विचारायला लाजतात आणि पहिल्याच फुटलेल्या काचेला पगार गमावून बसतात. असंघटित कामगारांची सरकारी ई-श्रम नोंदणी 2021 पासून फुकट होते, तीही त्याने केली.

लाजेचं मात्र तंत्र शिकवून भागत नाही. "अभिमान बाळग" असं मी म्हटलं नाही. त्याच्या पोटात तो नव्हताच. एवढंच सुचवलं की एका मित्राला स्वतः फोन करून सांग. ज्याला बघून टेम्पोमागे लपला होता, त्यालाच त्याने फोन केला. मित्राने पहिलं विचारलं, "किती मिळतात रे?"

आईशी बोलणं जास्त अवघड गेलं. तिच्या सासऱ्यांची मिलमधली नोकरी मिल बंद पडली तेव्हा गेली. तेव्हापासून अंगमेहनत म्हणजे भरवसा नाही, हे त्या घरात पक्कं बसलंय. तिची भीती खोटी नाही, तसं मी तिला सांगितलंही. मुलाने दिवाळीपर्यंत काम करायचं, अवजड वाहनाचं नाही तरी टेम्पोचं लायसन्स काढायचं आणि मग पुन्हा बसून बोलायचं, यावर ती राजी झाली. तिची अट एकच, उन्हात टोपी आणि पाण्याची बाटली न विसरता न्यायची.