इंदूरहून मढई-पचमढीला जाताना एक दिवस मोकळा उरतोय, तो कसा वापरावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत इंदूरहून स्वतःच्या गाडीने मढई (सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली सफारीची जागा) आणि पचमढीचं थंड हवेचं ठिकाण करायचं आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, सहा आणि अकरा वर्षांची मुलं. सगळं बसवून एक दिवस उरतोय. त्यात दुसरी सफारी घ्यावी, भीमबेटक्याच्या प्राचीन चित्रगुहा बघाव्या, की परतताना भोपाळला एक मुक्काम करावा?

माझं मत विचाराल तर तिन्ही नको. तो दिवस मढईला, पहिल्या सफारीच्या आदल्या दिवशी ठेवा आणि त्या दिवशी गाडीची किल्ली हातात घेऊ नका. हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण आम्ही नेमकं उलट करून बसलो होतो.

सहा वर्षांपूर्वी आम्ही याच रस्त्याने निघालो. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं, मुलगी दहाची, मुलगा सहाचा. मोकळा दिवस शेवटी भोपाळला ठेवला होता, काही अडलंच तर हाताशी असावा म्हणून. आष्ट्याच्या पुढे टायर कडेने फाटला. पंक्चर असतं तर निभावलं असतं. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नाही. वर्षभरात ती कुणी बघितलीच नव्हती, आणि हे काम माझ्याकडे होतं. दुकानदार "आधा घंटा" म्हणाला आणि चार तास गेले. मढईला पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. जेवण कसंबसं उरकलं, साडेचारला गजर.

सकाळी धाकट्याला बोटीच्या धक्क्यावरच उलटी झाली. सासऱ्यांची कंबर धरली होती, ते जिप्सीच्या, म्हणजे सफारीच्या उघड्या जीपच्या, पायरीपर्यंत गेले आणि थांबले. मी दोघांना घेऊन मागे राहिले, सासूबाईही थांबल्या. यजमान आणि मुलगी गेले. मुलगी बापाच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धा वेळ झोपली. अस्वल रस्ता ओलांडून गेलं तेव्हाही झोपलेलीच होती. परवाना नावांवर आणि तारखेवर निघतो, आज नाही जमलं म्हणून उद्या जाता येत नाही. आणि चार दिवसांनी तो राखून ठेवलेला दिवस आला, तेव्हा आम्ही भोपाळच्या हॉटेलात पडद्याआड झोपून काढला.

त्या सहलीत हलवता न येणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे सफारी. राखीव दिवस तिच्या आधी असता तर टायरने फक्त एक संध्याकाळ खाल्ली असती. शेवटी ठेवल्यामुळे तो काहीच वाचवू शकला नाही. पचमढी एक दिवस पुढेमागे झाली तर काही बिघडत नाही, भीमबेटक्याचे खडक कुठे जात नाहीत. मोकळा दिवस नेहमी अडून बसणाऱ्या गोष्टीच्या पुढ्यात असावा.

वार बघून आखणी केलीत तर आणखी सोपं. मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांत बुधवारी दुपारची सफारी बंद असते. मंगळवारी निघून संध्याकाळी मढई, बुधवार मोकळा, गुरुवारी सकाळची सफारी. बुधवारी दुपारी कुणी "आलोच आहोत तर एक फेरी मारू" म्हणायचा प्रश्नच येत नाही. गुरुवारी दुपारी जेवून निवांत पचमढीकडे निघा. मढई-पचमढी अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे, फक्त मटकुलीच्या पुढचा घाट उजेडात चढा.

इंदूर ते मढई मुलाबाळांसह सात तास धरा. देवास, सोनकच्छ, आष्टा, सीहोर, भोपाळ बाहेरून, मग ओबेदुल्लागंज, नर्मदापुरम, सोहागपूर. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. सकाळी सहाला पोहे घरूनच खाऊन निघालात तर सूर्य असताना पोहोचाल. पेट्रोल सोहागपूरला भरून घ्या, थोडे रोख पैसेही जवळ असू द्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी पाचव्या चाकाची हवा स्वतः उभं राहून मोजून घ्या.

आता बुधवार. "दिवसभर तिथे करायचं काय?" हे तुमच्या मुलांच्या मनात येणारच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुढच्या वेळी आम्ही असाच दिवस काढला आणि घरात आजही त्याच दिवसाच्या गोष्टी निघतात.

मढई देनवा नदीच्या काठावर आहे. तवा धरणाचं पाणी इथवर मागे येतं, म्हणून पात्र तळ्यासारखं रुंद दिसतं. जंगल पलीकडे. सफारीला जाताना आधी बोटीने नदी ओलांडायची आणि पलीकडच्या काठावर जिप्सीत बसायचं. थंडीत या पाण्यावर परदेशातून आलेली बदकं, हंस असतात. पट्टकादंब तर मुलांनाही ओळखता येतो: पांढरं डोकं आणि त्यावर दोन काळ्या पट्ट्या. हिमालय ओलांडून येणारा हा पक्षी आहे हे सांगितलं की सहा वर्षांचं मूलही दुर्बीण सोडत नाही. चक्रवाक जोडीने फिरतात, नारिंगी-तपकिरी रंगाचे.

सासूबाईंनी त्या सकाळी काठावर प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली. वाटेत सोहागपूरच्या बाजारातून हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या घेतल्या होत्या. त्या मांडीवर ताट घेऊन घाटे सोलत बसल्या, नातू शेजारी. चार दाणे ताटात, दोन तोंडात. मध्येच त्या म्हणाल्या, "अरे, ती बदकं बघ, एक बुडी मारलं की सगळी मारतात." पुढचा तासभर दोघं फक्त तेच मोजत होते. घरी त्यांना दहा मिनिटं शांत बसायला मिळत नाही. तुमच्या आईंनाही अशी एक खुर्ची मिळवून द्या.

दुपारी ऊन उतरल्यावर मुलांना ठसे बघायला न्या, मात्र एकटं नाही. जिथे उतराल तिथल्या एखाद्या स्थानिक माणसाला किंवा वनखात्याच्या गाइडला सोबत घ्या आणि कुठवर जायचं ते त्यांनाच विचारा. पाण्यात मगरी आहेत, त्यामुळे पाय बुडवून खेळणं नाही, हे मुलांना पोहोचताच सांगून टाका. आमच्याबरोबर आलेल्या गाइडने ओल्या मातीत काठीने एक ठसा घेरला आणि मुलीला विचारलं, नखं दिसतात का? दिसत होती. म्हणजे कुत्र्याच्या कुळातला, कोल्हा किंवा गावचा कुत्रा. वाघ, बिबट्या, रानमांजर चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या ठशात गादी आणि चार बोटं एवढंच उमटतं. हरणाचा खूर दुभंगलेला, गव्याचा गाईसारखाच पण मोठा, आणि अस्वलाचं मागचं पाऊल बघून तर मुलगा घाबरलाच, ते थेट माणसाच्या पावलासारखं दिसतं, फक्त पुढे नखांच्या खुणा असतात. मुलीने वहीत पाच ठसे काढले. शेजारी स्वतःचा हात ठेवून माप घेतलं.

दुसऱ्या दिवशी जिप्सीत हीच मुलगी पुढे वाकून रस्त्याच्या धुळीकडे बघत होती. वाघ दिसला नाही. सातपुड्यात तो कान्ह्याइतका सहज दिसत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. पण अस्वलाने उकरलेलं वारूळ तिने गाइडच्या आधी दाखवलं. शेकरू दिसला, तो आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, इथे मोठ्या झाडांवर भेटतो. गव्यांचा कळप दिसला, एक नर इतका जवळ उभा की त्याच्या पायांचे पांढरे मोजे आणि अंगावरची चमक मुलांना नीट बघता आली. आदल्या दिवशी ठशांची वही झाली नसती तर "वाघ नाही दिसला" म्हणून दोघं रुसून परतली असती.

म्हणून दुसरी सफारी हे मोकळ्या दिवसाचं उत्तर मला वाटत नाही. पहाटे उठणं, उघड्या जिप्सीत फेब्रुवारीचा वारा, साडेतीन-चार तास खडबडीत रस्ता, हे सहा वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीच्या पाठीला एकदा छान, लागोपाठ दोनदा जड. बाबांना जिप्सीच्या मधल्या रांगेत बसवा, मागच्या सीटवर हादरे जास्त बसतात. उशी, कानटोपी, शाल, आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं. बुकिंगच्या वेळी जे ओळखपत्र दिलं तेच दाखवावं लागतं. हे सगळं बुधवारी संध्याकाळीच एका पिशवीत भरून दाराशी ठेवा.

आणि बुधवारी कुणाचं पोट बिघडलं, कणकण आली, तर दिवस हाताशी आहे. आजारी माणसाला आराम द्या, बाकीच्यांनी काठावर बसावं. दवाखाना लागला तर सोहागपूर जवळ, मोठी सोय नर्मदापुरमला.

भीमबेटका मात्र नक्की बघा, फक्त त्यासाठी वेगळा दिवस नको. ते तुमच्या रस्त्यावरच आहे, नर्मदापुरमहून भोपाळकडे येताना ओबेदुल्लागंजच्या अलीकडे. जाताना थांबाल तर आधीच लांब असलेला दिवस आणखी लांबेल, म्हणून परतताना थांबा. दोन तास पुरतात. बघायच्या गुहा पायवाटेने जोडलेल्या आहेत, आई-बाबा हळूहळू चालू शकतील. मुलांना आधी एक गोष्ट सांगा: 1957 साली पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर आगगाडीने चालले होते, खिडकीतून हे खडक दिसले आणि युरोपात पाहिलेल्या चित्रगुहांची त्यांना आठवण झाली. ते मग इथे चालत येऊन पोहोचले. नीमचला जन्मलेला, उज्जैनला राहिलेला आपल्या माळव्यातला मराठी माणूस. 2003 मध्ये भीमबेटका जागतिक वारसा झालं, आणि भोवतालच्या रातापानी जंगलाला 2024 मध्ये व्याघ्र प्रकल्प करताना त्यांचंच नाव दिलं. एका खडकावर इतके प्राणी रंगवलेत की त्याला झू रॉक म्हणतात. आदल्या दिवसांत जंगलात बघितलेले कोणते तिथे सापडतात ते मुलांना शोधू द्या. आमची मुलगी तिथे वही काढून बसली, निघायलाच तयार नव्हती.

भोपाळचा मुक्काम सोडून द्या. इंदूरहून भोपाळ कधीही शनिवार-रविवारी होतं.

पचमढीसाठी दोन गोष्टी. धूपगढ शिखरासारख्या वनक्षेत्रातल्या जागांना परवाना लागतो आणि स्थानिक जिप्सी करावी लागते, तेव्हा स्वतःच्या गाडीवर सगळा हिशोब मांडू नका. दुसरं, फेब्रुवारी म्हणजे महाशिवरात्र जवळ. त्या दिवसांत पचमढीजवळच्या चौरागढ डोंगरावरच्या महादेवाच्या यात्रेला विदर्भातून खांद्यावर त्रिशूळ घेऊन हजारो भाविक येतात. पिपरियापासून रस्ता भरलेला असतो. श्रद्धेने त्याच दिवशी जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मुलं आणि वडीलधारी सोबत असताना तारीख बघून आठवडाभर आधी किंवा नंतर जा.

तुमच्या आईंना नर्मदेचं दर्शन हवं असेल तर परतताना नर्मदापुरमला सेठानी घाटावर थांबा. पचमढीहून सकाळी लवकर निघालात तर दहा-अकराच्या सुमाराला तिथे पोहोचाल. घाटाच्या पायऱ्या रुंद आहेत, आईंचा हात धरून खालच्या पायरीपर्यंत नेता येतं. दशम्या, लसणाची चटणी बरोबर असेल तर तिथेच खाऊन घ्या, म्हणजे भीमबेटक्याला भुकेची मुलं घेऊन चढायला नको.

तारखा ठरल्या की इथेच लिहा. मंगळवार-बुधवार जमत नसेल तर कुठला दिवस कुठे सरकवता येईल ते आपण बघू.