प्रकल्पाआधीच्या पाण्यात कसलं रेडिएशन?

प्रश्न : मुलगी एमएस्सी (रसायनशास्त्र), 74 टक्के, वय 23, उंची 5 फूट 3 इंच. राजस्थानात बांसवाड्याला अणुवीज प्रकल्प होतोय. त्याआधी तिथल्या माही धरणाच्या पाण्यातली किरणोत्सारिता मोजायची, असा पीएचडीचा विषय तिला गाइडने सुचवलाय. आम्ही म्हणतो, बीएड कर. रेडिएशनमधल्या मुलीला स्थळं कशी येणार? पुढे मुलंबाळं? तिला समजवा. – एक वडील, जळगाव

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीची उंची कळली; तिला काय हवंय ते कुठेच नाही. याचंच मला जास्त वाईट वाटलं. बीएड चांगलंच आहे, पण ज्याला शिकवायचंय त्याच्यासाठी. स्थळाला सोयीचं म्हणून घेतलेली पदवी पुढची तीस वर्षं तिलाच ओढायची आहे. तिला समजवायचं काम मी करणार नाही.

आणि भीती कशाची? अणुभट्टी तिथे अजून नाहीच, पायाभरणी सप्टेंबर 2025 मध्ये झाली. ती मोजेल ते साधं धरणाचं पाणी. त्यात खडकांतून उतरलेलं युरेनियम, रेडियम, पोटॅशियम-40 आणि जुन्या अणुचाचण्यांतून जगभर पसरलेलं किंचित सीझियम-137. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात बीटा या प्रकारच्या किरणोत्साराची मर्यादा लिटरला 1 बेकरेल आहे, म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन. तुमच्या स्वतःच्या शरीरात पोटॅशियम-40 च्या सुमारे चार हजार अणूंचं विघटन दर सेकंदाला होत असतं. तुमचं लग्न झालं, मुलगीही झाली!

इतकं थोडं असतं म्हणूनच ते मोजायला चिकाटी लागते. मोठाले कॅन भरायचे, विरघळलेलं काही कॅनला चिकटू नये म्हणून नायट्रिक आम्ल घालायचं, पाणी आटवायचं, मग एकेक नमुना दिवसभर डिटेक्टरवर, म्हणजे किरणं मोजणाऱ्या यंत्रावर ठेवायचा. डिटेक्टरभोवती शिशाची जाड भिंत असते. ती माणसाला वाचवायला नसते. आपल्या भोवतालची किरणं त्या नमुन्याच्या मोजणीत मिसळू नयेत म्हणून असते.

भट्टी सुरू झाल्यावर हे काम करताच येत नाही. उद्या गाळात सीझियम सापडलं, तर ते भट्टीचं की जुन्या चाचण्यांचं, हे कशावरून ठरवणार? बांसवाड्याला जड पाण्याच्या भट्ट्या येणार; त्यांत ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन तयार होतो. तेव्हा पाण्यातल्या ट्रिटियमचे आजचे आकडे तर हवेतच. पुढे गावकरी विचारतील तेव्हा दाखवायला हीच वही असेल.

पुढचे रस्ते नेहमीचेच : नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा, किंवा बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) ट्रेनिंग स्कूलची परीक्षा.

काळजी करायचीच तर धरणात नमुने घ्यायला जाणाऱ्या होडीची करा, लाइफ जॅकेट आहे का विचारा. आम्ल हाताळताना चष्मा-हातमोजे आहेत का, तेही.

आणि बाळ, तू हे वाचत असशील तर गाइडना तीन गोष्टी विचार. डिटेक्टर महिन्यातून किती दिवस मिळणार? मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा नमुन्यांना जायचा खर्च कोण देणार? फेलोशिप किती वर्षांची? यांची उत्तरं लेखी मिळाली नाहीत, तर मीही म्हणेन, हा विषय घेऊ नकोस.