वाचकांचे प्रश्न : बीकनशेजारी मोबाईल का नको?

प्रश्न : खानापूर-बेळगाव परिसरातील आमचा दहा जणांचा गट सह्याद्रीत नियमित भटकंती करतो. या हिवाळ्यात आम्ही हिमालयात बर्फातील मोहिमेला जाणार आहोत. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाला शोधण्यासाठी जे बीकन (रेडिओ संकेत पाठवणारे व पकडणारे छोटे यंत्र) छातीशी बांधतात, त्यापासून मोबाईल लांब ठेवावा आणि शोध सुरू होताच तो पूर्ण बंद करावा, असे प्रशिक्षकांनी सांगितले. मोबाईल फ्लाइट मोडवर टाकला की पुरे, असे आमच्यातील काहींचे म्हणणे आहे. यातले खरे काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : प्रशिक्षकांचेच खरे. फ्लाइट मोडने मोबाईलचा बाहेरच्या जगाशी चाललेला संवाद थांबतो, मोबाईल थांबत नाही. त्याचा प्रोसेसर, पडदा आणि बॅटरीतून येणारी वीज कमी-जास्त करणारी मंडले चालूच राहतात, आणि त्यांच्याभोवती जो विद्युतचुंबकीय गोंगाट असतो तो बीकनला पुरेसा त्रासदायक ठरतो.

हे पटवून घ्यायला हिमालयात जावे लागत नाही. माळ्यावरचा जुना ट्रान्झिस्टर काढा, मध्यम लहरींवर ७६५ किलोहर्ट्झला धारवाड आकाशवाणी लावा आणि फ्लाइट मोडवरचा मोबाईल, पडदा चालू ठेवून, रेडिओच्या पाठीला टेकवा. बहुतेक वेळा खरखर सुरू होईल. मोबाईल वीतभर मागे घेतला की ती झपाट्याने उतरेल. मोबाईलचा चार्जर किंवा स्वस्तातला एलईडी दिवा जवळ आणला, तर कार्यक्रम ऐकूच येणार नाही. बीकन हे याच ट्रान्झिस्टरचे भावंड आहे. ते मध्यम लहरींच्या जरा खाली, ४५७ किलोहर्ट्झवर चालते आणि त्याच्या पोटातही लहरी पकडणाऱ्या तशाच फेराइटच्या (लोहयुक्त चुंबकीय पदार्थाच्या) कांड्या असतात. आजच्या बीकनमध्ये सहसा तीन, तीन दिशांना. फरक इतकाच की आकाशवाणीचे केंद्र बलाढ्य असते, तर बर्फाखालचे बीकन दोन-तीन छोट्या सेलवर साधारण सेकंदाला एक ठोका देत असते.

शोध घेताना मोबाईल अधिक नडतो, तो यामुळेच. बीकनचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले की त्याचा जोर आठव्या हिश्शावर येतो. गाडला गेलेला माणूस तीस मीटरवर आणि आपला मोबाईल खिशात, बीकनपासून अवघ्या काही बोटांवर, अशी स्थिती असेल तर बीकनच्या कानी कोण आधी पडणार हे उघड आहे. अशा वेळी पल्ला आखडतो, बीकनच्या पडद्यावरचा दिशा दाखवणारा बाण उगीच फिरतो, अंतराचा आकडा उड्या मारतो आणि क्वचित जिथे कोणीच नाही तिथला संकेत दिसतो. हिमस्खलनानंतर पहिली दहा-पंधरा मिनिटेच खरी हाताशी असतात, पुढे जगण्याची शक्यता वेगाने घसरते. त्यातली दोन मिनिटे खोट्या बाणामागे गेली तर ती परत मिळत नाहीत.

एरवी चालताना, बीकन नुसते संकेत पाठवत असताना, मोबाईल व इतर साहित्य त्यापासून किमान २० सेंटिमीटर, म्हणजे आपली वीतभर, दूर असावे. शोध घेताना किमान ५० सेंटिमीटर, म्हणजे हातभराहून थोडे अधिक. मनगटावरचे स्मार्ट घड्याळ, अंगावर लावायचा कॅमेरा, वायरलेस इअरफोन आणि वॉकीटॉकी यांनाही हाच नियम आहे. बॅटरीवर गरम होणारे हातमोजे विशेष खोडकर, कारण बीकन त्याच हातात धरलेले असते. ते बंदच करावेत. डोक्यावरचा टॉर्च रात्री बंद करता येत नाही, तेव्हा बीकन हात लांब करून धरावे. घड्याळ ज्या हातात असेल त्या हातात बीकन घेऊ नये, हे आपल्या गटात आजच ठरवून टाका. ऐन वेळी कोणाला सुचत नाही.

निर्जीव दिसणाऱ्या वस्तूही यातून सुटत नाहीत. चॉकलेटची चांदी, चाव्यांचा जुडगा किंवा धातूचा डबा बीकनला चिकटून असला तर संकेत दबतो. जॅकेटच्या किंवा मोबाईलच्या कव्हरातील लोहचुंबकाने बीकनमधील होकायंत्र चुकते, काही बीकनचा तर पाठवण्या-शोधण्याचा मोडही बदलू शकतो.

मदत मागायला मोबाईल लागेलच. त्यासाठी एकाने शोधणाऱ्यांपासून बाजूला जाऊन फोन करावा, बाकीच्यांनी आपापले मोबाईल बंद ठेवावेत. वरून विजेच्या तारा गेल्या असतील किंवा गोंगाट टाळताच येत नसेल, तर शोधाचा पट्टा, म्हणजे एका फेरीत तपासायची रुंदी, २० मीटरपर्यंत अरुंद करून चालावे. सराव येथेच करून जा : येळ्ळूरच्या शिवारात, विजेच्या तारांपासून दूर, पेंढ्याच्या गंजीत एक चालू बीकन लपवा आणि ते दोनदा शोधा, एकदा खिशातला मोबाईल चालू ठेवून व एकदा बंद करून.

प्रश्न : मोबाईलवरच बीकनचे ॲप घेतले तर भाड्याचा खर्च वाचेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. मोबाईलमध्ये ४५७ किलोहर्ट्झवर पाठवणारी किंवा ऐकणारी यंत्रणाच नसते, त्यामुळे इतरांच्या बीकनना आपण दिसणार नाही आणि आपल्याला ते दिसणार नाहीत. बीकन भाड्यानेच घ्या. त्याच्यासोबत प्रोब (बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब काठी) आणि फावडेही घ्या, आणि बीकनमध्ये नवे अल्कलाइन सेल आहेत ना, हे स्वतः उघडून पाहा.